वाट्यांमधलं पाणी

जलतरंग हे वाद्य लहान मुलांच्या आईने वाजवू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, पण लिहून ठेवायला हरकत नव्हती. बाजाच्या पेटीचं झाकण उघडलं की ती वाजते. जलतरंगाला आधी पाणी लागतं, मग जागा लागते, मग चिनी मातीच्या वाट्या मोठीपासून छोटीपर्यंत आपल्याभोवती अर्धगोलात मांडाव्या लागतात, आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक वाटीत पाणी घालायचं, बारीक काडीने कडेवर हलकेच मारून ऐकायचं, सूर चढा वाटला तर आणखी पाणी घालायचं, उतरलेला वाटला तर चमच्याने काढायचं. एकीची समजूत काढून दुसरीकडे वळावं तर तोवर पहिली रुसलेली. असं करत करत सगळ्या वाट्या जागेवर येतात, आता दोन्ही हातांत काड्या घेऊन बसायचं, आणि नेमका त्याच वेळी पाळण्यातून पहिला हुंकार येतो. दोन मुलं होईपर्यंत माझं जलतरंग म्हणजे नुसतं लावणं उरलं होतं. वाजवण्यापर्यंत मी पोचतच नव्हते.

वाट्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या. ते नाटक कंपनीत होते, नट म्हणून नव्हे, रंगमंचापुढे बसणाऱ्या साजिंद्यांत. कंपनी बंद पडली तेव्हा वाट्यांची पेटी घेऊन ते गिरगावातल्या आमच्या घरी येऊन बसले ते कायमचेच. धाकट्या भावाला एका जागी बसवत नसे, म्हणून मला शिकवलं. संध्याकाळी परवचा झाला की मी आणि दादा, मध्ये वाट्या, आणि आई स्वयंपाकघरातून सांगायची, “त्या तिसरीत पाणी जास्त झालंय हो.” तिचं बरोबर असायचं. माझं लग्न झालं तेव्हा दादांनी त्या वाट्या जुन्या धोतराच्या चिंध्यांत एकेक गुंडाळल्या, लाकडी पेटीत भरल्या आणि माझ्या ट्रंकेशेजारी ठेवल्या. व्याहीमंडळींना वाटलं, कपबश्या दिल्या. सासरी पेटी उघडली आणि एकीलाही कान नाही हे दिसलं, तेव्हा सासूबाई नुसतं “बरं” म्हणाल्या.

आमची खोली करी रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली. खोलीपुढे गॅलरी वळत होती, त्यामुळे तिथे जरा ऐसपैस जागा होती आणि सगळ्या मजल्याच्या बायका तांदूळ निवडायला तिथेच येऊन बसत. आत एक खोली, तिला मोरी, मोरीशेजारी चूल, आणि एक खाट. खाटेखाली पेटी. हे गिरणीत टाइमकीपर होते, म्हणजे भोंगा व्हायच्या आधी घरातून निघायचे आणि परत येताना सगळ्या खात्यांचा आवाज कानात घेऊन यायचे. घरी आल्यावर त्यांना शांतता हवी असे, ती मात्र चाळीत कुठेच मिळत नसे. सासूबाई राजापूरकडच्या. लवकर वैधव्य आलेलं, पाच मुलं एकटीने वाढवलेली, त्यातली दोन गमावलेली. बोलायच्या कमी. पहाटे उठून तांदळाची पेज शिजत घालायच्या, तिचा वास आणि नळाच्या पहिल्या थुंकीचा आवाज, या दोन गोष्टींनी मला जाग येई. अजूनही कुठे पेजेचा वास आला की आता कळशी घेऊन पळायला हवं असं मला वाटतं, आणि माझ्या घरात आता चोवीस तास पाणी आहे.

चिनी मातीच्या भांड्याला सासूबाई हात लावत नसत. काच काय, चिनी माती काय, त्यांच्या लेखी सोवळ्यात न बसणारी वस्तू. त्यामुळे माझ्या वाट्यांत कधी कुणी आमटी वाढली नाही, हा त्यांच्या कर्मठपणाचा मला झालेला फायदा. पण मुलांना कसलं सोवळं? थोरला अरुण तेव्हा चार वर्षांचा होता. एकदा दुपारी धाकटी शोभा झोपली म्हणून मी घाईघाईने वाट्या लावल्या, भूपाचे सूर, म्हणजे वाट्या कमी लागतात. दुधाचं पातेलं उतरवायला उठले आणि परत येऊन वाजवायला घेतलं तर पंचम जागेवर नाही, भलताच चढलेला.

“अरुण, इथलं पाणी कुणी सांडलं?”

“सांडलं नाही. मी प्यालो.”

“याच वाटीतलं?”

“ती मधे आहे ना, तिचं गोड लागतं.”

मला हसूही येईना आणि रडूही येईना. सासूबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाल्या, “मुलं मोठी झाली की वाजव. तोवर हात काही पळून जात नाहीत.” हात पळून जातात, हे त्यांना कसं सांगावं कळेना. बाळंतपणानंतर माझी मनगटं जड झाली होती. ज्या तानेवर दादा डोळे मिटून घ्यायचे ती आता माझ्या हातून निघत नव्हती. तेविसाव्या वर्षी मला आपण म्हातारी झालो असं वाटायचं. आता ऐंशी उलटली तरी तसं वाटत नाही.

यातून मार्ग काढला तो शेजारच्या लक्ष्मीने. लक्ष्मी मालवणकडची, माझ्याच वयाची, दोन मुलगे, आणि तिसऱ्याच्या वेळी सहावा महिना चालू होता. आमच्या खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, म्हणजे भिंत असल्याचं समाधान होतं इतकंच. तिलाही एक छंद होता. तिला सभांना जायचा नाद होता. ते दिवसच तसे होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, प्रभातफेरी. आमची मुलंसुद्धा गॅलरीत पाट उलटा घालून ‘सभा सभा’ खेळायची आणि एकाने काहीही बडबडलं की बाकीची “झालाच पाहिजे” म्हणून ओरडायची. लक्ष्मीला राजकारण किती कळत होतं सांगता येत नाही, पण तिला भाषण आवडायचं. लालबाग, परळ, एकदा तर थेट दादरपर्यंत जाऊन ती भाषणं ऐकून यायची आणि दुसऱ्या दिवशी नळावर ती आम्हाला करून दाखवायची, वक्त्याच्या खोकल्यासकट. तिची अडचण तीच, माझी होती ती. मुलं कुणाकडे ठेवायची?

एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. मी वाट्या पुसून परत पेटीत भरत होते.

“काय गो मालू, वाजवतंस काय नुसतीच पाणी वततंस?”

“ओततेच नुसतं. वाजवायला वेळ कुठाय?”

“माकाय सभेक जावचा आसता, पण पोरांका खंय टाकू?” ती उंबऱ्यावर बसली. तिचा नवरा सुरुवातीची काही वर्षं गिरणीत बदली कामगार होता. कायम कामगार आला नाही की फाटकावर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला त्याच्या मागावर घ्यायचे. लक्ष्मीच्या डोक्यात ते होतं. “गिरणीत एक माणूस नाय इलो तर बदली घेतत. माग काय बंद ठेवणत नाय. मगे आमका कित्याक नको बदली? आज मी तुझी बदली, उद्या तू माझी.”

अशी आमची बदली सुरू झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझी मुलं तिच्याकडे, आणि ज्या संध्याकाळी सभा असेल त्या संध्याकाळी तिची मुलं माझ्याकडे. तिने चारी मुलांना पोहे घालून बसवलं की फळ्यांवर दोन थापा मारायची, म्हणजे माझा माग सुरू. माझी नात परवा मला समजावत होती की बाईने स्वतःसाठी वेळ काढायचा असतो, त्याला ‘मी टाइम’ म्हणतात. ती शनिवारी मातीची भांडी करायला जाते आणि तिच्या लेकीला सांभाळायला फोनवरून कुणीतरी बोलावता येतं. मी म्हटलं, छान आहे, आमच्यात याला बदली म्हणायचे. ती हसली. पण तिच्या मुलीला सांभाळायला येणारीचा छंद काय आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि लक्ष्मीचा मला पाठ होता.

त्या दुपारी मला काय मिळालं ते सांगायला हवं. फार काही नाही. पहिला आठवडा लावण्यातच गेला. मग हळूहळू मनगटं सुटली. मी दादांनी शिकवलेल्या साध्या गती घेऊन बसायचे, त्याच त्या, आणि फळ्यांपलीकडून लक्ष्मीच्या मुलाला दिलेला धपाटा ऐकू आला तरी माझा हात थांबायचा नाही. मुलं परत आली की मी त्यांना जास्त प्रेमाने जवळ घ्यायचे. तो तास मी सुखी असायचे, आणि त्या सुखावर पुढचे तीन दिवस कपडे, नळ, शेगडी, खरूज, गोवर सगळं निभायचं. सासूबाई त्या वेळी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. मला वाटे, त्या झोपतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी हळू वाजवायचे.

आणि तरी पेटी जायची वेळ आलीच. खाटेखालची ती जागा सासूबाईंना तांदळाच्या डब्यासाठी हवी होती. तांदूळ मोरीशेजारी ठेवले की त्यांना ओल लागायची आणि त्यात किडे व्हायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकदा अंधारात त्यांच्या अंगठ्याला पेटीचा कोपरा लागला, नख काळं झालं, आणि त्यांनी ह्यांना सांगितलं, “हिच्या भावाला निरोप धाडा. पेटी गिरगावात सुखरूप राहील. मुलं मोठी झाली की आणा परत.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आई म्हणते ते तसं बरोबर आहे.” पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी भावाने यायचं ठरलं. मला ठाऊक होतं, एकदा गेलेली पेटी परत यायची नाही. मुलं मोठी होतात तोवर आणखी मुलं होतात.

लक्ष्मीला हे कळल्यावर तिने वेगळंच काढलं. तुरुंगात गेलेल्यांच्या घरी तांदूळ पोचवायचे म्हणून चाळीतल्या बायकांची सभा घ्यायचं तिने ठरवलं होतं. प्रत्येकीने ओंजळभर तांदूळ आणायचे आणि भाषण करणार होती ती स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, “नुसत्या माझ्या भाषणाक कोण येतला? आधी तुझा वाजाप. पेटी जावंची ती जावंदे, पण सगळ्यांका ऐकवून जावंदे.” सभा आमच्याच खोलीपुढच्या गॅलरीत, रविवारी, भाऊ यायच्या आदल्या आठवड्यात. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “वाजव की. एकदा वाजव आणि मोकळी हो.”

आमच्या चाळीतली चूक अशी की दिवस ठरवताना सगळ्यांनी गिरणीच्या सुट्ट्या पाहिल्या, पुढाऱ्यांच्या सभा पाहिल्या, पंचांग कुणीच पाहिलं नाही. शुक्रवारी कुणाच्या तरी सासूने शोध लावला की त्या रविवारी अमावास्या आहे आणि दुपारी सूर्यग्रहण. झालं. तरुण मंडळी म्हणाली, ग्रहण-बिहण आम्ही मानत नाही, आणि त्यांच्या आया म्हणाल्या, तुम्ही नका मानू, घरात पाणी आम्ही भरतो. शेवटी तोड निघाली की ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, की सभा. ऐकायला सोपं वाटतं. पण ग्रहण लागताना भरलेलं पाणी ग्रहण सुटल्यावर टाकून द्यायचं असतं. हंडे, कळश्या, बिंदगी, सगळं उपडं. आणि मग सगळी चाळ एकदम आंघोळीला. आमचा नळ सकाळी येऊन जायचा तो दुसऱ्या दिवशीच यायचा. गच्चीवरच्या टाकीत जे असेल ते आंघोळींत संपणार. म्हणजे माझ्या वाट्या सकाळी नळ असताना भरायच्या आणि ग्रहणभर तशाच ठेवायच्या, दुसरा इलाज नव्हता. आणि सासूबाईंच्या घरात ग्रहण पाहिलेलं पाणी राहणं शक्य नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं, आणि ते ‘नाही’ मोडायची माझी छाती नव्हती.

रविवारी सकाळी लक्ष्मीने मुलं नेली. मी दोन लांब पाट गॅलरीच्या दाराशी मांडले आणि वाट्या लावल्या. इतक्या निवांत मी कधीच लावल्या नव्हत्या. शेवटचीच वेळ म्हणून असेल, एकेक सूर सापडायला लागला तसं दादांच्या हाताची पकड आठवत गेली. सासूबाई चुलीशी होत्या. वेध लागायच्या आत सगळ्यांचं खाणं उरकायचं म्हणून त्यांनी कुळथाची पिठी आणि भात लवकर केला होता. वाट्या लागल्यावर मी त्यांच्यावर जुनं लुगडं पांघरलं. सासूबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि लक्ष्मीकडून चारी मुलांना हाक मारून त्यांची ताटं वाढायला घेतली.

दुपारी ग्रहण लागायच्या सुमाराला फळ्यांवर थापा पडल्या. लक्ष्मी घाबरली होती. ही बाई पोलिसांच्या गाडीसमोर उभी राहून घोषणा देणारी, पण पोटुशीने ग्रहणात हलायचं नाही, झोपायचं नाही, काही चिरायचं नाही, नाही तर मुलाच्या ओठाला चीर येते, हे तिच्या आजीने सांगितलेलं ती विसरली नव्हती. नवरा घरी नव्हता. मी चारी मुलांना घेऊन तिच्या खोलीत गेले. तिने खिडकीला गोधडी लावली होती. ती भिंतीला टेकून मांडी घालून बसली, माझा हात घट्ट धरला, आणि जप करायचा म्हणून डोळे मिटून पुटपुटायला लागली. कान देऊन ऐकलं तर ती संध्याकाळचं भाषण घोकत होती.

“लक्ष्मी, नाव तरी देवाचं घे.”

“गप गो. देवाक पण मुंबई होयीच आसतली.”

हसावं तर पलीकडे सासूबाई. म्हणून आम्ही तोंडाला पदर लावला. बराच वेळ गेला. मुलं कंटाळून एकमेकांच्या अंगावर लोळायला लागली. आणि मग पलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला. सासूबाईंनी ग्रहण सुटायची वाटही पाहिली नव्हती, बहुतेक सुटल्यावर मोरीपाशी गर्दी नको म्हणून. माझे कान आधीच तयार. मी बसल्या जागी ओळखत गेले. हा तांब्याचा हंडा, याचा आवाज आधी जाड आणि शेवटी बारीक होत जातो. ही पितळी कळशी, हिच्या गळ्यात पाणी गुडगुडतं. हा मातीचा माठ, याला आवाजच नाही, फक्त मोरीत पडणारं पाणी ऐकू येतं. मग थोडा वेळ काहीच नाही. लुगड्याची सळसळ आली की मला भास झाला कुणास ठाऊक, आणि पाठोपाठ चिनी मातीचा आवाज आला. स्वच्छ, उंच, रिकाम्या वाटीचा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. त्या वाटीत थेंबभरही पाणी नव्हतं.

लक्ष्मीने डोळे उघडले. “काय झाला?”

“संपलं,” मी म्हटलं. “वाट्या ओतल्या.”

मला उठून जायचं होतं. पण तिने हात सोडला नाही, आणि शोभा माझ्या मांडीवर झोपलेली. तेवढ्यात खाली रस्त्यावर “दे दान, सुटे गिराण” ओरडत माणसं आली, आमची मुलं त्यांच्यावर ताण म्हणून “झालाच पाहिजे” ओरडायला लागली, आणि पलीकडचं पुढे काहीच ऐकू आलं नाही. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. वाट्या ओतल्याचं दुःख नव्हतं तितकं. घरात इतकी वर्षं राहून, त्या बाईची पेज रोज पिऊन, मला काय हवंय ते तिला ठाऊकच नव्हतं, याचं होतं.

ग्रहण सुटल्याचं गॅलरीतल्या गलबल्यावरून कळलं. मी शोभाला लक्ष्मीच्या पदरात टाकलं आणि घरात गेले. सासूबाई मोरीत आंघोळीला बसल्या होत्या, डोक्यावर टाकीचं पाणी ओतून घेत होत्या. हंडा पालथा, कळश्या पालथ्या, माठ आडवा. पाटांवरचं लुगडं होतं तसं होतं. मी ते उचललं. वाट्या भरलेल्या होत्या. प्रत्येकीत एक तुळशीचं पान तरंगत होतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ग्रहणात जे टाकायचं नसतं, दूध, लोणचं, देवाचं पाणी, त्यात तुळशीचं पान घालतात. मग त्याला ग्रहणाचा दोष लागत नाही. पण रविवारी तुळशीला हात लावत नाहीत आणि अमावास्येलाही लावत नाहीत. निदान सासूबाई तरी मेल्या तरी लावणार नाहीत. मी गॅलरीतल्या डब्यातली तुळस पाहिली. तिच्या एका बाजूच्या फांद्या बोडक्या होत्या. म्हणजे पानं आदल्या दिवशी काढलेली होती, शनिवारी, मी त्यांना काही विचारायचं नाही असं ठरवून गप्प बसले होते तेव्हा. वाट्या किती आहेत हे त्यांना माहीत होतं.

त्या ओलेत्याने बाहेर आल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, “अशी काय उभी? आंघोळ करून घे. टाकी संपेल.”

“आई, मला वाटलं तुम्ही ओतल्या.”

“एक सांडली.” त्या केस पिळत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. “पानं नीट आहेत का बघताना हात लागला. ती चौथी. देवाच्या तांब्यातलं पाणी होतं ते पळीपळीने घातलं. किती घालायचं ते कळेना. शेजारचीवर पळी मारून बघितली, मग हिच्यावर मारली. तू करतेस तसं. किती वेळ गेला. जप राहिला सगळा.”

मी काडी घेतली आणि चौथ्या वाटीच्या कडेवर मारली. सूर किंचित चढा होता. अगदी किंचित, चमचाभर पाणी कमी होतं. आयुष्यात कधी वाद्याला हात न लावलेल्या बाईने, मंगळवारी आणि शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या ऐकलेल्या आठवणीवर, तो सूर इतका जवळ आणला होता. मी खाली बसले आणि त्यांच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतला. “पारोशाने शिवू नकोस,” म्हणाल्या. “आत्ता आंघोळ झालीय माझी.”

सभा झाली. सगळ्या मजल्यांच्या बायका ओले केस पाठीवर सोडून, ओंजळीत तांदूळ घेऊन आल्या होत्या. चार जणींनी पाट उचलून गॅलरीच्या वळणावर ठेवले. मी तुळशीची पानं काढली नाहीत. काडी लागली की त्या वाटीतलं पान थरथरायचं आणि जरा फिरायचं. पुढे बसलेली मुलं माझ्याकडे बघतच नव्हती, पानांकडे बघत होती. चौथी वाटी मी दुरुस्त केली नाही. चमचाभर पाण्याचा प्रश्न होता, कुणीही आणून दिलं असतं. पण सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या आणि तो सूर आला की त्यांची मान जरा हलायची. दादा असते तर त्यांनी मला तिथेच थांबवलं असतं. मी नाही थांबले. मी त्या दिवशी चांगलं वाजवलं, हे आज इतक्या वर्षांनी मला निर्धास्तपणे म्हणता येतं. लक्ष्मी दोन वाक्यांनंतर भाषण विसरली, मग तिने तिसरं वाक्य म्हणून नुसतं “बायांनो, तांदूळ घाला” म्हटलं, आणि ते सगळ्यांना फार आवडलं.

पुढच्या रविवारी भाऊ ठरल्याप्रमाणे पेटी न्यायला आला. सासूबाईंनी त्याला आंबोळ्या वाढल्या, वर नारळाचं दूध घातलं, गिरगावातली सगळी खुशाली विचारली. हे खाटेवर वर्तमानपत्र धरून बसले होते. मी चुलीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी होते, कारण त्या प्रसंगानंतर पेटी जाण्या-न जाण्याविषयी घरात एक शब्दही झाला नव्हता आणि मला विचारायचा धीर नव्हता. भावाने हात धुतले, खाली वाकून खाटेखालची पेटी ओढली. सासूबाई म्हणाल्या, “ठेव ती.”

“पण तुमचे तांदूळ—” तो म्हणाला.

“तांदळाला ओल लागली तर उन्हात घालता येतात.” त्यांनी पेटी पायाने परत आत सरकवली, दुखऱ्या अंगठ्याला जपून. “ती चौथी वाटी अजून मला जमायची आहे. मी हिला विचारलं, नीट लागली होती का, तर ही हो म्हणाली. खोटं बोलते. चढी होती. मी ऐकलं ना.”